‘बाई टिकत नाही’

इंदूरच्या मराठी घरांतून गेली काही वर्षे एक वाक्य सारखे कानांवर येते. हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, गणेशोत्सवातील व्याख्यानानंतरच्या घोळक्यात, कुणाच्या तेराव्यालासुद्धा. वाक्य असे : ‘सगळं आहे हो, पण बाई टिकत नाही.’ ऐकणारा मान हलवतो, कारण त्याच्याही घरी ती टिकलेली नसते. मग दोघे मिळून ‘हल्लीच्या माणसांत सेवाभाव उरला नाही’ या निष्कर्षाप्रत येतात आणि विषय बदलतो. प्रस्तुत लेख या वाक्याविरुद्ध आहे. बाई टिकत नाही हे खरे. ती का टिकत नाही याचे जे कारण आपण एकमेकांस सांगतो ते खोटे आहे, आणि आपल्या सोयीचे असल्यामुळेच ते इतकी वर्षे तग धरून आहे.

‘बाई’ या शब्दाने येथे धुण्याभांड्याची बाई अभिप्रेत नाही. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या वृद्धांच्या उशापायथ्याशी दिवसाचे बारा किंवा चोवीस तास जी असते, जिला एजन्सीच्या पावतीवर ‘अटेंडंट’ आणि घरात ‘ती बाई’ म्हणतात, तिच्याविषयी मी लिहीत आहे. (पुरुष रुग्णांसाठी ‘भैया’ असतात; पुढील सारे त्यांनाही लागू आहे.) आपल्या बालपणी या पेशाची ओळखच नव्हती. होळकरशाहीपासून येथे रुजलेल्या आपल्या घरांत म्हातारे माणूस भ्रमिष्ट झाले की त्याला माजघरात बसवीत, आणि सून, विधवा आत्या किंवा कुणी आश्रित बाई त्याचे सारे करी. ती माजघरे आता गेली. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला किंवा थेट अमेरिकेत, आणि रामबागेतल्या वा लोकमान्यनगरातल्या घरात ऐंशीच्या घरातले दोन जीव; त्यांतल्या एकाला दुसऱ्याचे नाव आठवत नाही. अशा घराचा सारा डोलारा धार, बडवानी वा खरगोनकडून आलेल्या एका परक्या स्त्रीच्या खांद्यावर उभा असतो. ती पंधरा दिवसांत निघून गेली, तर आपण तिच्या स्वभावात दोष शोधतो.

हा प्रश्न चार-दोन घरांचा असता तर त्यावर लेखणी उचलण्याचे प्रयोजन नव्हते. देशव्यापी पाहणीवर आधारलेला जो अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मात्र आपण सोडायला तयार नाही. आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ मध्ये ज्या रुग्णेची हकिगत प्रथम विद्वानांसमोर मांडली, ती रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. तिच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करून त्याने दाखवून दिले की हा म्हातारपणाचा चळ नाही, मेंदूच्या पेशींचा ऱ्हास आहे. या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे लोटली. तरी आपल्या घरी येणाऱ्या बाईला, जिने हा ऱ्हास रोज अंगावर झेलायचा आहे, तिला आपण पहिल्या दिवशी काय सांगतो? ‘थोडं विसरायला होतं त्यांना, बाकी काही त्रास नाही.’

‘थोडं विसरण्याचा’ अर्थ तिला आठवड्याभरात कळतो. एकच प्रश्न तासाला वीस वेळा. दुपारी जेवण झाले असताना ‘मला उपाशी ठेवलंय’ अशी शेजाऱ्यांकडे तक्रार. दिवेलागणीला अस्वस्थपणा चढत जातो, दाराशी जाऊन कडी वाजवणे सुरू होते, ‘मला घरी जायचंय’ म्हणून हंबरडा फोडला जातो, आणि ते ‘घर’ साठ वर्षांपूर्वीचे, धुळ्याचे किंवा देवासचे, कधीच पडून गेलेले असते. रात्री दोनला उठून आंघोळीची तयारी. कपडे खराब झाले तर बदलू न देणे, बदलू गेल्यास बोचकारणे, कधी थप्पड. आणि या सर्वांवर चोरीचा आळ. परिचयातील एका घरी काकूंच्या पाटल्या सापडेनात. काकूंनी बाईकडे बोट दाखवले, पुण्याहून मुलीने दूरध्वनीवरून तिची पिशवी तपासण्याचा हुकूम दिला, शेजारणीने ती तपासली. पाटल्या तिसऱ्या दिवशी रव्याच्या डब्यात निघाल्या. काकूंनीच त्या ‘चोर येतील’ म्हणून लपवल्या होत्या. वस्तू लपवणे आणि मग चोरीचा संशय घेणे हे या आजाराचे इतके नेहमीचे लक्षण आहे की कोणताही जाणकार डॉक्टर ते आधीच सांगून ठेवील. बाईला ते कुणी सांगितले नव्हते, मुलीलाही नव्हते. बाईची क्षमा कुणी मागितली नाही. ती महिनाअखेरीस गेली, आणि त्या घरातूनही तेच वाक्य ऐकू आले.

आपल्यासारख्या स्थलांतरित घराण्यांत आणखी एक पेच आहे, आणि त्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही. आजार वाढत जातो तशी मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणची मागे उरते. ज्या आजींनी पन्नास वर्षे सराफ्यात, सियागंजात, शेजारपाजारी अस्खलित हिंदीत व्यवहार केला, त्या आता केवळ मराठी बोलतात, तीही माहेरच्या वळणाची. बाईची बोली निमाडी किंवा भिली, कामापुरती हिंदी. ‘तहान लागली’ आणि ‘पोटात दुखतंय’ यांतला फरक तिला कळायचा कसा? ती पाणी देते, आजी पेला भिरकावतात, आणि आपण दोघींपैकी एकीला हट्टी व दुसरीला बिनडोक ठरवतो. मराठी भाषेच्या जतनासाठी सभा-संमेलने भरवणाऱ्या आपण मंडळींनी निकडीच्या पन्नास मराठी शब्दांचा एक कागद बाईच्या हाती दिला असता, तर भाषेची सेवा अधिक झाली असती.

आता ‘सेवा’ या शब्दाकडे वळतो. सर्व गोंधळ त्याच्या आडोशाने चालतो. बाईत सेवाभाव हवा, असे आपण म्हणतो. तिचा मोबदला ठरवताना घासाघीस करतो, सुट्टी मागितली की कपाळाला आठ्या घालतो, आणि तिच्याकडून अपेक्षा मात्र संतांची ठेवतो. कामाच्या ताणाने माणूस आतून करपून जातो, त्या अवस्थेला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. या शब्दाचा इतिहास सेवाभाववाद्यांनी मुळातून पाहावा असा आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने १९७४ मध्ये तो शास्त्रीय लेखनात आणला. त्याने तो वापरला, तो न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांच्या संदर्भात, जे स्वखुशीने, ध्येयापोटी आले होते. त्याचे निरीक्षण असे की ज्यांची निष्ठा अधिक, तेच आधी करपतात, कारण थांबावे कुठे हे त्यांना कळत नाही. म्हणजे सेवाभाव हा करपण्यावरचा उतारा नाही. सीमा घातली नाही तर ते त्याचे इंधन आहे.

पुढे क्रिस्तिना मास्लाक या संशोधिकेने १९८१ मध्ये या अवस्थेच्या मापनाची पद्धत तयार केली आणि तिची तीन अंगे सांगितली : भावनिक शक्तीचा पूर्ण निचरा, समोरच्या माणसाकडे वस्तू म्हणून पाहू लागणे, आणि आपण करतो त्याला काही अर्थ नाही अशी खात्री पटणे. यांतले दुसरे अंग आपल्या दृष्टीने सर्वांत भयंकर आहे. बाई करपली की तिचे नुकसान होतेच, पण तिच्या हाती आपली आई असते. घास भरवण्याऐवजी कोंबला जाऊ लागतो. ओढणीने खुर्चीला बांधले जाते. झोपेची गोळी एकाऐवजी दीड होते. आपण त्यावर उपाय काढला तो कॅमेऱ्याचा! रात्री तीन वाजता बाईने आजींचा हात झटकला हे कॅमेऱ्यात दिसते. त्याआधीच्या किती रात्री ती सलग दोन तास झोपली नव्हती, हे टिपणारा कॅमेरा आपण बसवलेला नाही. मी त्या हात झटकण्याचे समर्थन करीत नाही. वृद्धाला इजा करणारी व्यक्ती त्या कामावर राहता कामा नये. पण ज्या घरात चार बायका लागोपाठ ‘वाईट’ निघतात, त्या घराने पाचवी शोधण्यापूर्वी आपले वेळापत्रक पाहावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून अमलात आले, बर्नआउटची नोंद आहे. मात्र ती रोग म्हणून नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाचे नीट व्यवस्थापन न झाल्याने उद्भवणारी, नोकरीशी निगडित अवस्था असे तिचे वर्णन आहे. शब्द नीट वाचावेत : कामाच्या ठिकाणच्या. बाईचे कामाचे ठिकाण म्हणजे आपल्या घरातली मागची खोली. तेव्हा दोष तिच्या मनोबलात शोधण्याआधी त्या खोलीतल्या व्यवस्थेत शोधणे क्रमप्राप्त आहे. अलीकडे काही एजन्सीज व सेवाभावी मंडळी अटेंडंटसाठी ‘तणावमुक्ती शिबिरे’ भरवतात. प्राणायाम, सकारात्मक विचार, शेवटी सामूहिक छायाचित्र. प्राणायामाला माझा विरोध असण्याचे कारण नाही, मी स्वतः करतो. परंतु आठवड्याला चौऱ्याऐंशी तास राबणाऱ्या स्त्रीला दीर्घ श्वास घ्यायला सांगणे ही क्रूर थट्टा आहे. त्या शिबिराला येण्यासाठीसुद्धा तिची रजा कापली जाते, हे वेगळेच.

चौऱ्याऐंशी हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. बारा तासांची पाळी, सात दिवस. सियागंजातून चालत पाचदहा मिनिटांवर इंदूरचे रेल्वे स्टेशन आहे. तेथल्या कर्मचाऱ्यांना लागू असलेला कायदा या आकड्याशेजारी ठेवून पाहा. रेल्वे अधिनियम १९८९ च्या १३० ते १३३ या कलमांत कामाची प्रतवारी दिली आहे. ज्या कामात सतत एकाग्रता वा कठोर श्रम लागतात आणि विसावा जवळजवळ नसतो, ते ‘इंटेन्सिव्ह’. त्याला आठवड्याला सरासरी ४५ तासांची मर्यादा. त्याखालचे ‘कंटिन्युअस’, त्याला ५४. आणि ज्या कामात पाळीचा निम्मा वा अधिक वेळ नुसते बसून राहण्यात जातो, हालचाल नाही की सततचे अवधान नाही, ते ‘इसेन्शियली इंटरमिटंट’, त्याला ७५. शिवाय पहिल्या दोन प्रकारांना आठवड्यातून सलग ३० तास आणि तिसऱ्याला एक पूर्ण रात्र धरून सलग २४ तास विश्रांती. हे कायद्याचे किमान आहे.

आता आपली बाई यांपैकी कोणत्या वर्गात? ‘काय करायचं असतं तिला, नुसतं बसून तर राहायचं’ असे आपण म्हणतो, म्हणजे तिसऱ्या. समजा, वादापुरते तेही मान्य केले. तरी तिचे ८४ तास त्या सर्वांत हलक्या कामाच्या मर्यादेपेक्षा नऊ तासांनी अधिक भरतात. आणि वस्तुस्थिती काय आहे? ज्या रुग्णाची नजर चुकताच तो गॅसची कळ फिरवतो, जिना उतरून रस्त्याला लागतो, त्याच्याजवळ ‘नुसते बसणे’ म्हणजे अवधानाला क्षणाचीही सुट्टी नसणे. ते काम पहिल्या वर्गातले आहे. पंचेचाळीस तासांचे काम आपण चौऱ्याऐंशी तास करून घेतो, आणि चोवीस तासांच्या बाईच्या बाबतीत तर हिशेबच थांबतो. रेल्वेत ‘रेस्ट गिव्हर’ नावाचे पद असते. स्टेशन मास्तरांना साप्ताहिक विश्रांती मिळावी म्हणून आळीपाळीने त्यांची जागा घेणारा माणूस. राज्य शासनाच्या सेवेत आस्थापनेची कामे पाहताना मीही पदसंख्या ठरवण्याच्या नस्त्या हाताळल्या आहेत. तेथे ‘लीव्ह रिझर्व्ह’ धरूनच पदे मागतात, कारण माणूस आजारी पडणार, त्याच्या घरी लग्न निघणार, हे गृहीतच असते. ही गोष्ट साध्या कारकुनाच्या बाबतीत जर कळते, तर आईच्या जिवाशी बांधलेल्या माणसाच्या बाबतीत का कळू नये?

सियागंजातच राहून आणखी एक तुलना सुचते. येथल्या गोदामांवर रात्री पहारेकरी असतात. जिऱ्या-धण्याची पोती, सुक्या मेव्याच्या पेट्या यांच्या राखणीसाठी माणूस पुरवणाऱ्या एजन्सीला खाजगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) कायदा २००५ अन्वये परवाना घ्यावा लागतो. पहारेकऱ्याची पूर्वचौकशी आणि प्रशिक्षण कायद्याने आवश्यक आहे. केंद्राच्या २००६ च्या आदर्श नियमांत शंभर तास वर्गातले आणि साठ तास प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण सांगितले होते. दुकानातल्या नोकराला १९५८ च्या मध्य प्रदेश दुकान व स्थापना अधिनियमाने साप्ताहिक सुट्टी दिली. या नियमांची अंमलबजावणी कितपत होते, हे शासकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या मला कुणी सांगायला नको. परंतु जिऱ्याच्या पोत्याशेजारी बसणारा माणूस तपासलेला व शिकवलेला असावा, अशी निदान अपेक्षा तरी कायद्याने नोंदवली. आपल्या आईशेजारी बसणारी बाई पुरवणाऱ्या एजन्सीसाठी असा देशभर लागू होणारा कायदा नाही. घर हे दुकान नाही आणि कारखानाही नाही, म्हणून घराच्या उंबऱ्याशी कायदा थबकतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार केला, त्यात आठवड्याला सलग २४ तासांची विश्रांती आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण पुढे त्याला मान्यता दिली नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट असावी काय, हे पाहण्यास समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले. समित्या कशा चालतात, तेही मला ठाऊक आहे. तेवढा वेळ आपल्या आयांजवळ नाही.

मराठी माणसाला येथे आपल्याच इतिहासाची आठवण करून द्यावीशी वाटते. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी जी संस्था उभारली तिचे नावच सेवासदन. त्या संस्थेने विधवा व निराधार स्त्रियांना ‘तुमच्यात सेवाभाव आहे, जा, सेवा करा’ असे सांगून कुणाच्या घरी पाठवले नाही. ससून रुग्णालयात परिचर्येचे रीतसर शिक्षण दिले, पेशा दिला. सेवा या शब्दाला शिक्षणाचा आणि प्रतिष्ठेचा आधार लागतो, हे त्या पिढीला शंभर वर्षांपूर्वी उमगले होते.

तिकडे आपल्या पिढीने ‘अस्तु’ पाहिला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या त्या चित्रपटात मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित साकारले आहेत, आणि हत्तीमागोमाग भरकटलेल्या त्या पंडितांना माहुताची बायको चन्नम्मा लेकरासारखे सांभाळते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वथा योग्यच होता. पण प्रेक्षागृहातून डोळे पुसत निघालेल्या अनेकांनी त्यातून भलताच बोध घेतला : आजाराचे नावही न कळणाऱ्या साध्याभोळ्या बाईचे प्रेम पुरेसे असते, बाकी शास्त्राची गरज नाही. अहो, चन्नम्माची आणि त्या पंडितांची गाठ किती काळाची? तिच्या जागी तीनशेपासष्ट दिवस ठेवून पाहा. त्याच चित्रपटात थकलेली, अपराधी भावनेने पोखरलेली मुलगीही आहे. तिच्याकडे आपले लक्ष का गेले नाही?

मग करावे काय? याचे उत्तर दूर परदेशात शोधण्याची गरज नाही. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये शुश्रूषेसाठी विमा योजना सुरू केल्या हे ठीक, पण ती सरकारांची कामे. आपल्या ऐपतीतले उदाहरण गोव्यात घडले. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तेथे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेली ८१ कुटुंबे निवडली. स्थानिक माणसांनाच आठवडाभराचे प्रशिक्षण देऊन गृहसल्लागार बनवले. हे सल्लागार सहा महिने, पंधरवड्यातून किमान एकदा, घरी जात. आजार काय आहे ते समजावीत, रुग्ण संतापला वा रात्री उठू लागला तर काय करावे हे सांगत, आणि सांभाळणाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकून घेत. त्यांच्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ असे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. रुग्णांच्या स्थितीत म्हणण्यासारखा फरक सिद्ध झाला नाही, तो होणारही नव्हता. परंतु सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले, रुग्णाच्या वागण्याने त्यांना होणारा मनस्ताप कमी झाला. आजार तोच, आजी त्याच, रात्रीही त्याच. तरी ताण उतरला. तो प्रयोग घरच्या माणसांसाठी होता, पगारी अटेंडंटसाठी नव्हे, हे खरे. पण तिन्हीत्रिकाळ त्याच खाटेपाशी बसणाऱ्या पगारी बाईला समज आणि ऐकणारे माणूस यांची गरज कमी असते असे मानायला काय आधार आहे? ‘शुश्रूषा’ या संस्कृत शब्दाचा धात्वर्थच मुळी ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. जी दिवसभर ऐकते, तिचे कुणी ऐकत नाही.

इंग्लंडमध्ये टॉम किटवुड यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला आधी माणूस म्हणून वागवावे असे आग्रहाने मांडले. आज जगभर त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या मांडणीचा दुसरा भाग सोयीस्करपणे गाळला जातो. ज्या कर्मचाऱ्याला स्वतःला माणूस म्हणून वागवले जात नाही, त्याच्याकडून रुग्णाला तशी वागणूक मिळण्याची आशा धरू नये, असे ते सांगत. पाटल्यांच्या प्रकरणातली ती तपासलेली पिशवी आठवावी.

आक्षेप येतील, ते मला आताच ऐकू येतात. ‘आम्ही पेन्शनवाले, दोन बायांचा खर्च कसा झेपणार?’ दोन बाया कुणी सांगितल्या? महिन्यात चार दिवसांची बदली बाई म्हणजे तीस दिवसांच्या मोबदल्याच्या साधारण तेरा टक्के. घरातले मिठाईचे बिल आणि परदेशस्थ चिरंजीवांची एक विमानफेरी यांच्याशी तो आकडा ताडून पाहावा. आणि आपण एजन्सीला देतो त्यातले बाईच्या हाती किती पडते, हे तिला एकदा विचारावे. एजन्सीला नव्हे, तिला. ‘आमच्या आईने आजीचे सारे एकटीने केले, तिला कुठे सुट्टी होती?’ नव्हती. म्हणूनच ती पन्नाशीत म्हातारी दिसे, आणि तिच्या तिरसटपणाच्या गोष्टी आपण आजही सांगतो. ती करपली होती. आपल्याजवळ त्यासाठी शब्द नव्हता इतकेच. ‘परक्या माणसावर इतका विश्वास कसा टाकायचा?’ आई तिच्या हाती सोपवून दहा-बारा तास बाहेर राहताना तो टाकलेलाच असतो.

खर्चाचा आक्षेप मात्र मी सर्वस्वी झटकून टाकीत नाही. काही घरांना तेरा टक्केही जड जातील. त्यांची नावे मला ठाऊक आहेत आणि ती येथे घेणे शोभणार नाही. म्हणून हा प्रश्न एकेका घराने सोडवण्याचा नाही. आपल्या सभेजवळ सभागृह आहे, सभासदांची यादी आहे, आणि वार्षिक स्नेहसंमेलनासाठी लागणारी रक्कम दरवर्षी विनासायास जमते. माझा प्रस्ताव असा. सभासदांपैकी ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे त्यांची, गोपनीयता राखून, एक नोंदवही करावी. त्या घरांनी मिळून दोन अनुभवी स्त्रिया ‘रेस्ट गिव्हर’ म्हणून कायम मासिक वेतनावर नेमाव्यात. त्या दररोज वेगवेगळ्या घरी जातील. ज्या घरी त्या, त्या घरच्या बाईला त्या दिवशी भरपगारी सुट्टी. दोघी असल्या की त्यांची स्वतःची सुट्टीही सांभाळून बारा घरे होतात. नवीन बाई कामावर येताच तिला तीन दिवस एखाद्या जाणकार परिचारिकेकडून आजार समजावून द्यावा, हिंदीत. पन्नास मराठी शब्दांचा कागद मी स्वतः तयार करून देतो. रात्रीची पाळी ज्या बाईने केली तिच्याकडून दिवसाची करून घ्यायची नाही, आणि वस्तू हरवल्यास घरातले सर्व डबे पाहिल्याखेरीज बाईला प्रश्न विचारायचा नाही, या दोन अटी प्रत्येक घराने लेखी मान्य कराव्यात. पंधरवड्यातून एका दुपारी या साऱ्या जणींना सभेच्या खालच्या खोलीत एकत्र बसू द्यावे, चहा द्यावा, आणि आपण कुणी तेथे थांबू नये. त्या आपल्याविषयी काय बोलतात ते आपल्या कानावर येण्याची गरज नाही.

पुढील कार्यकारिणीच्या बैठकीत हा प्रस्ताव मी लेखी देणार आहे. सभा साहित्याची आहे, असल्या उद्योगांची नाही, असे कुणी म्हणेल. म्हणोत. आपल्या वाचनालयात संध्याकाळी पूर्वी जी वर्दळ असे ती का आटली, हे म्हणणाऱ्याने आधी ग्रंथपालांना विचारावे. निम्मे सभासद पत्नीजवळ वा आईजवळ बसून आहेत, कारण त्या दिवशी बाई आलेली नाही.